एकजीव करायचं, पण एक होऊ द्यायचं नाही: द्रावणातून मल्टिफेरॉइक फिल्म बनवताना

बिस्मथ, लोखंड आणि कोबाल्ट यांचे क्षार विरघळवायचे, द्रावणाचे चार थेंब सिलिकॉनच्या तुकड्यावर टाकायचे, तुकडा गरगर फिरवायचा, वाळवायचा, भाजायचा. असं आठ-नऊ वेळा केलं की दोन-अडीचशे नॅनोमीटर जाडीची फिल्म तयार होते. तिला व्होल्टेज दिलं तर चुंबकत्व बदलायला हवं आणि चुंबकीय क्षेत्र दिलं तर तिच्यावर व्होल्टेज उमटायला हवं. या गुणाला मॅग्नेटोइलेक्ट्रिक जोड म्हणतात. एकाच पदार्थात विद्युत आणि चुंबकीय अशा दोन्ही प्रकारच्या शिस्ती नांदत असतील तर तो मल्टिफेरॉइक.

कृती ऐकायला धिरड्याइतकी सोपी वाटते. भट्टी, स्पिन कोटर (तुकडा गरगर फिरवणारं यंत्र) आणि फ्यूम हूड (घातक वायू ओढून घेणारं कपाट) असलेल्या कुठल्याही प्रयोगशाळेत ती करता येते. पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठापासून पाषाणच्या आयसर, एनसीएल आणि सी-मेट या संशोधन संस्थांपर्यंतच्या पट्ट्यात पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांना हा रस्ता कधी ना कधी खुणावतोच. लाखो-कोट्यवधींची निर्वात यंत्रं नकोत, लेझर नको. पण फिल्म बिघडली की सगळे भट्टीकडे बोट दाखवतात आणि बहुतेक वेळा चूक झालेली असते तराजूवर, भट्टी तापण्याच्या दोन दिवस आधी. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टमध्ये तर हमखास.

दोन पदार्थ कशाला?

एकाच पदार्थात दोन्ही गुण असलेली उदाहरणं थोडी आहेत. खोलीच्या तापमानाला चालणारं सर्वांत परिचित नाव म्हणजे बिस्मथ फेराइट. त्याची फेरोइलेक्ट्रिक शिस्त (आपसूक असलेलं आणि व्होल्टेजने उलटवता येणारं विद्युत ध्रुवीकरण) सुमारे ८३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते आणि चुंबकीय शिस्त सुमारे ३७० अंशांपर्यंत. पण ही चुंबकीय शिस्त अँटिफेरोमॅग्नेटिक आहे, म्हणजे शेजारचे लोखंडाचे अणू एकमेकांच्या उलट तोंड करून बसतात आणि बाहेर जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून त्याच्या जोडीला खरोखरचा चुंबक द्यायचा, तो कोबाल्ट फेराइट. चुंबकीय क्षेत्रात कोबाल्ट फेराइटचा आकार किंचित बदलतो. हा बदल लाखात दहा ते वीस भाग इतकाच असतो, तरी ऑक्साइडांमध्ये तो मोठा मानला जातो. हा ताण शेजारच्या फेरोइलेक्ट्रिकवर पडतो, तो दाबला गेला की त्याच्यावर विद्युतभार उमटतो. दोघांपैकी एकाकडेही जो गुण धड नाही तो दोघांच्या जोडणीतून मिळतो. फिलिप्सच्या व्हॅन सुखतेलन यांनी १९७२ मध्ये याला गुणाकारातून येणारा गुणधर्म म्हटलं होतं आणि ते अगदी शब्दशः खरं आहे: ताण पोहोचवणारा सांधा शून्य असेल तर उत्तर शून्य.

म्हणूनच या कामातली खरी अडचण अशी: द्रावणात सगळे अणू एकजीव व्हायला हवेत, पण भाजल्यावर ते दोन वेगळ्या स्फटिकांत नीट वाटले गेले पाहिजेत. वाटले गेल्यावरही ते एकमेकांना घट्ट चिकटलेले असावेत, मात्र सांध्यावर रासायनिक संसार थाटून तिसराच पदार्थ बनवू नये. पुढची प्रत्येक पायरी या एका वाक्याची काळजी घेण्यासाठी आहे.

खिचडी, पुरणपोळी आणि उदबत्त्या

दोन पदार्थ एकमेकांत कसे मांडले आहेत, हे आकड्यांच्या जोडीने सांगतात. एकाचे सुटे कण दुसऱ्यात विखुरलेले असले की ०-३, म्हणजे शेंगदाणे पेरलेली साबुदाण्याची खिचडी. थरावर थर असले की २-२, म्हणजे पुरणपोळी. एकाचे उभे खांब दुसऱ्यात रोवलेले असले की १-३, म्हणजे डब्यात उभ्या ठेवलेल्या उदबत्त्यांमधली जागा मेणाने भरून काढल्यासारखं.

तिसरा प्रकार सर्वांत देखणा. २००४ मध्ये बेरियम टायटनेटमध्ये कोबाल्ट फेराइटचे असे खांब आपोआप उभे राहिल्याचं दाखवलं गेलं आणि या क्षेत्राला उधाण आलं. थर घट्ट खालच्या तुकड्याला चिकटलेला असल्यामुळे आडवा ताण गोठून जातो. उभ्या खांबांना ही अडचण कमी भासते. पण ते खांब स्पंदित लेझरने, गरम स्फटिकावर अणू पडता पडता उभे राहिले होते. द्रावणातून आलेला थर आधी वितळलेल्या काचेसारखा अस्ताव्यस्त असतो आणि मग जागच्या जागी स्फटिक होतो. अणूंना फार लांब चालायला वेळच मिळत नाही. त्यामुळे द्रावणातून आपोआप खांब मिळतील अशी आशा धरू नये. मार्ग आहे तो आडवळणाचा: ब्लॉक कोपॉलिमर (दोन वेगळ्या साखळ्या जोडून बनलेलं बहुवारिक) मिसळून आधी कोबाल्ट फेराइटची जाळीदार, छिद्रांची फिल्म करायची आणि मग ती छिद्रं दुसऱ्या पदार्थाने भरायची. नवख्याने तिकडे लगेच वळू नये.

पहिल्या फिल्मसाठी आमची पसंती पुरणपोळीला. कारण खिचडीत एक छुपी गोम आहे. कोबाल्ट फेराइट विजेला बिस्मथ फेराइटपेक्षा सहज वाट देतं. अस्ताव्यस्त विखुरलेल्या गोल कणांची या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग साखळी लागायला आकारमानाच्या साधारण १६ टक्के कण पुरतात, असं सैद्धांतिक गणित सांगतं. साखळी लागली की गळती. थरांच्या रचनेत कोबाल्ट फेराइट मध्ये कोंडलेलं असतं, दोन्ही बाजूंना बिस्मथ फेराइटची पारी. पारी फाटली नाही तर पुरण बाहेर येत नाही.

खिचडीच करायची असेल तर टक्केवारी कशाची, हे आधी ठरवा. बिस्मथ फेराइटची घनता ८.३४ आणि कोबाल्ट फेराइटची ५.२९ ग्रॅम प्रति घन सेंमी. त्यामुळे वजनाने ३० टक्के घातलेलं कोबाल्ट फेराइट आकारमानाने ४० टक्के भरतं. ताण आणि गळती दोन्ही आकारमान बघतात, वजन बघत नाहीत. आकारमानाने ३० टक्के हवं असेल तर बिस्मथ फेराइट आणि कोबाल्ट फेराइट यांचं मोलचं प्रमाण सुमारे २.७६ ला १ घ्यावं. दोन्ही द्रावणं सारख्याच मोलॅरिटीची असतील तर २० मिलीला सव्वासात मिली.

तराजू, आणि पावसाळा

बिस्मथ फेराइटचं ०.२५ मोलर द्रावण २० मिली करायचं आहे. लोखंड हवं ०.००५ मोल. फेरिक नायट्रेट नॉनाहायड्रेटचा रेणूभार ४०४.० धरून वजन होतं २.०२० ग्रॅम. बिस्मथ मात्र ५ टक्के जास्त घ्यायचं, कारण भाजताना ते थोडं उडून जातं. बिस्मथ नायट्रेट पेंटाहायड्रेटचा रेणूभार ४८५.०७, म्हणून ०.००५२५ मोलला २.५४७ ग्रॅम.

कोबाल्ट फेराइटचं ०.१ मोलर द्रावण १० मिली करायला कोबाल्ट नायट्रेट हेक्झाहायड्रेट ०.२९१ ग्रॅम आणि फेरिक नायट्रेट ०.८०८ ग्रॅम. यात जास्तीचं काही नाही, कारण यातलं काही उडत नाही.

आता गोम. फेरिक नायट्रेट हवेतला ओलावा आधाशासारखा ओढतं. जुलैत बाटली दहा वेळा उघडली की जांभळट खडे चिकट होतात आणि तळाशी तपकिरी पाणी दिसू लागतं. लेबलवर नऊ रेणू पाणी लिहिलेलं असतं, आत मात्र किती आहे ते पाऊस ठरवतो. म्हणजे तराजूवरचे २.०२० ग्रॅम बरोबर, पण त्यातलं लोखंड कमी.

यावर जुना, स्वस्त आणि पक्का उपाय आहे. स्वच्छ, वजन केलेल्या मुशीत १ ग्रॅम फेरिक नायट्रेट घ्या, फ्यूम हूडमधल्या भट्टीत हळूहळू ७०० अंशांपर्यंत तापवा आणि थंड झाल्यावर पुन्हा वजन करा. तपकिरी विषारी नायट्रोजन ऑक्साइड निघतात, म्हणून हूडला पर्याय नाही. क्षार चोख असेल तर ०.१९८ ग्रॅम लाल फेरिक ऑक्साइड उरतं. समजा ०.१८५ भरलं, तर क्षार ९३.६ टक्केच खरा आहे आणि २.०२० ऐवजी २.१५८ ग्रॅम घ्यायला हवा. ही तपासणी न करता पुढे गेलात तर बिस्मथ ५ टक्के नव्हे, १२ टक्के जास्त पडतं. मग एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या तपासणीत, बिस्मथने लदलेल्या सिलेनाइट या नको असलेल्या पदार्थाचं शिखर दिसतं आणि बिचारी भट्टी बदनाम होते. बिस्मथ नायट्रेटची अशीच परीक्षा घेतली तर १ ग्रॅममागे ०.४८० ग्रॅम ऑक्साइड उरायला हवं.

बाटल्या सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवाव्यात, तपासलेला क्षार लहान बाटल्यांत वाटून ठेवावा आणि त्यावर तपासणीची तारीख व टक्केवारी लिहावी. मार्चमध्ये केलेली तपासणी ऑगस्टला लागू होत नाही.

बाटलीत काय घडतं

द्रावक म्हणून २-मेथॉक्सीइथेनॉल आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल. आधी १२ मिली २-मेथॉक्सीइथेनॉल आणि ५ मिली आम्ल एकत्र करून त्यात बिस्मथ नायट्रेट टाका, मॅग्नेटिक स्टररवर अर्धा-पाऊण तास ढवळा. पूर्ण पारदर्शक झाल्यावरच फेरिक नायट्रेट. आणखी दोन तास ढवळून मापी फ्लास्कमध्ये २-मेथॉक्सीइथेनॉलने २० मिलीपर्यंत भरा. रंग गडद लालसर तपकिरी आणि आरपार स्वच्छ दिसला पाहिजे. एक दिवस झाकून ठेवा, मग ०.२ मायक्रॉनच्या टेफ्लॉन गाळणीतून गाळा.

क्रम उलटा केला तर? बिस्मथ नायट्रेट नुसत्या द्रावकात कुरकुर करत विरघळतं आणि पाणी जास्त असेल तर दुधासारखा पांढरा गाळ देतं. ते बिस्मथचं ऑक्सिनायट्रेट. ॲसेटिक आम्ल बिस्मथला धरून ठेवतं आणि हा गाळ टाळतं. दुधी गढूळपणा नुकताच दिसू लागला असेल तर थोडं आम्ल घालून द्रावण वाचतं. रात्रभर तसंच राहिलं तर टाकून द्या, कारण गाळणीने गाळ जाईल पण त्याबरोबर बिस्मथही जाईल.

डिसेंबर-जानेवारीतली एक पुणेरी गंमत: ग्लेशियल ॲसेटिक आम्ल १६.६ अंशांना गोठतं आणि सकाळी प्रयोगशाळा उघडावी तर बाटलीत बर्फासारखा खडक. हीटरवर ठेवू नका. झाकण किंचित सैल करून कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा.

पाण्याबद्दल अनेकांचा गैरसमज असतो की कोरडा द्रावक घेतला म्हणजे द्रावण कोरडं. वरच्या कृतीत क्षारांतूनच ०.०७१ मोल, म्हणजे जवळपास १.३ ग्रॅम पाणी येतं. २० मिलीत ते थोडं नव्हे. काही कृतींत हे पाणी मारायला ॲसेटिक अनहायड्राइड घालतात. त्याने फिल्म सुधारते हे खरं, पण नायट्रेट आणि अनहायड्राइड ही जोडी भयंकर तापते आणि स्फोटक पदार्थही बनवू शकते. शिकाऊ माणसाने ती वाट धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. हे पाणी द्रावण सोसतं. त्यावर हवेतलं आणखी पाणी आलं की ते कोलमडतं.

२-मेथॉक्सीइथेनॉल प्रजननसंस्थेला घातक आहे आणि कातडीतून शरीरात जातं. पातळ नायट्राइल हातमोजे थोड्या वेळापुरतेच राखतात. शिंतोडा उडाला की लगेच बदलावेत. उरलेलं द्रावण हॉटप्लेटवर आटवून संपवण्याचा शहाणपणा कधीही करू नये, कारण नायट्रेट आणि सेंद्रिय द्रव आटत गेले की एका क्षणी पेट घेतात. ते टाकाऊ रसायनांच्या बाटलीतच जायला हवं, सिंकमध्ये नव्हे.

फिरवणं

खाली लागतो प्लॅटिनमचा थर दिलेला सिलिकॉन. प्लॅटिनम हाच खालचा इलेक्ट्रोड. एक सेंमी बाय एक सेंमीचा तुकडा ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डीआयनाइज्ड पाणी यांत प्रत्येकी पाच-दहा मिनिटं अल्ट्रासॉनिक टाकीत धुवा, नायट्रोजनने फुंका आणि १५० अंशांवर पाच मिनिटं कोरडा करा. ॲसिटोन वाळू देऊ नका, डाग पडतो आणि तो डाग प्रत्येक थरातून डोकावतो.

५० ते ६० मायक्रोलिटर द्रावण मध्यभागी टाका, थांबू नका. ५०० आरपीएमवर ५ सेकंद, मग ३००० आरपीएमवर ३० सेकंद. बिस्मथ फेराइटचा भाजलेला एक थर साधारण ३० ते ३५ नॅनोमीटर आणि ०.१ मोलर कोबाल्ट फेराइटचा त्याच्या निम्मा भरतो. हे अंदाज आहेत. आपल्या द्रावणाची जाडी आपणच एकदा प्रोफाइलोमीटरने किंवा तुटलेल्या कडेच्या सूक्ष्मदर्शक चित्रावरून मोजून घ्यायची.

मध्यापासून कडेकडे धूमकेतूसारखे पट्टे दिसले तर धूळ किंवा न गाळलेला कण. चाकाच्या आऱ्यांसारख्या उंचसखल रेघा दिसल्या तर द्रावक फार भराभर उडतो आहे. कडेला जाड कंगोरा येतोच, म्हणून एक मिमीची कड मोजमापातून सोडून द्यायची. आणि फिल्म फिरत असतानाच धुरकट, श्वास सोडलेल्या काचेसारखी झाली, तर हवेतला ओलावा. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि बिस्मथ तिथेच पांढरं पडतं.

एप्रिलच्या दुपारी पुण्याची हवा इतकी कोरडी असते की हा प्रश्न आठवतही नाही. पावसाळ्यात त्याच कृतीने तोच माणूस धुरकट फिल्म काढतो. बाहेरची आर्द्रता शिमला ऑफिस, म्हणजे पुण्याचं हवामान खातं, सांगेल, पण स्पिन कोटरच्या भांड्यातली आपणच मोजायची. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळणारा साधा डिजिटल आर्द्रतामापकही या कामाला पुरतो. आकडा ४० टक्क्यांच्या वर असेल तर कोटरच्या झाकणातून कोरडा नायट्रोजन मंद सोडा, पाच मिनिटं थांबा, मग थेंब टाका. नायट्रोजन नसेल तर डीह्युमिडिफायर लावून खोली बंद ठेवा. तेही नसेल तर नोव्हेंबरपर्यंत पुस्तकं वाचत बसावं, हे अर्धं गमतीने आणि अर्धं मनापासून.

भाजणं

इथे घाई नडते. तुकडा थेट ३५० अंशांच्या तव्यावर ठेवला की वर साय धरते आणि आत कोंडलेली वाफ व वायू ती फोडून बाहेर येतात. सूक्ष्मदर्शकाखाली चाळण दिसते. म्हणून आधी १५० अंशांवर तीन मिनिटं, द्रावक जाण्यासाठी. मग ३५० अंशांवर पाच मिनिटं, नायट्रेट आणि सेंद्रिय भाग जळण्यासाठी. दोन वेगळ्या हॉटप्लेट असाव्यात, एकाच प्लेटचं तापमान वरखाली करण्यात ताल राहत नाही. डिस्प्लेवरचा आकडा आणि तुकड्याच्या अंगचं तापमान यांत बऱ्यापैकी फरक असू शकतो. पातळ थर्मोकपल तुकड्यावर टेकवून एकदा खात्री करा.

मग खरं स्फटिकीकरण, शक्यतो आरटीए भट्टीत, म्हणजे काही सेकंदांत तापणाऱ्या भट्टीत, ५५० ते ५७५ अंश, १० मिनिटं. वेग का हवा? बिस्मथ फेराइट मधल्या तापमानाला फार वेळ ठेवलं तर फुटतं. एकीकडे लोखंड जास्त असलेला म्युलाइटसारखा पदार्थ आणि दुसरीकडे बिस्मथ जास्त असलेलं सिलेनाइट. साध्या मफल भट्टीत हळू चढत-उतरत गेलं की या फुटीला आयता वेळ मिळतो. ६५० च्या पुढे गेलात तर बिस्मथ उडणं वाढतं, प्लॅटिनमवर टेकड्या उठतात आणि त्या पातळ फिल्मला आरपार भोसकतात.

तड्यांचं कारण वेगळं. सिलिकॉन तापमानासोबत फार थोडं प्रसरण पावतं, अंशागणिक दहा लाखांत २.६ भाग. आपली ऑक्साइडं त्याच्या चौपट. गरम असताना जुळलेला थर थंड होताना आकसू पाहतो, खालचं सिलिकॉन आकसू देत नाही, थर ताणला जातो. त्यात द्रावणाचा थर वाळताना आधीच दाटून बसलेला असतो. एकेक थर पातळ ठेवला तर तो हे सोसतो. थेंब जाड करून एका फटक्यात १०० नॅनोमीटरचा थर घ्यायचा लोभ धरला की कोरड्या तळ्यासारखी जाळी पडते.

थर असे रचा: बिस्मथ फेराइटचे तीन, त्यावर कोबाल्ट फेराइटचे तीन, पुन्हा बिस्मथ फेराइटचे तीन. प्रत्येक थराला १५० आणि ३५० अंशांचा फेरा, प्रत्येक तीन थरांनंतर आरटीए. एकूण जाडी सुमारे २५० नॅनोमीटर. कोबाल्ट फेराइटचं स्फटिक ५५० अंशांना होतं पण कण बारीक राहतात. ते आणखी तापवावं असं वाटतं, पण खाली बिस्मथ फेराइट बसलेलं आहे. इथे तडजोड करावी लागते आणि ती बिस्मथच्या बाजूने करावी. वर्षभराच्या अनुभवी हातांनाही एक फिल्म पूर्ण व्हायला अख्खा दिवस जातो, तेव्हा भर आरटीएत वीज जाऊ नये म्हणून गुरुवारच्या दुरुस्तीचं वेळापत्रक पाहून दिवस निवडणं हे पुण्यात शहाणपणाचं.

जमलं का?

एक्सआरडीत तांब्याच्या क्ष-किरणांनी टू-थीटा (किरण वळण्याचा कोन) २२.४ अंश आणि ३२ च्या आसपासची जोडी ही बिस्मथ फेराइटची. २८ अंशांच्या आसपास काही उगवलं तर फुटीचे नको असलेले पदार्थ. कोबाल्ट फेराइटचं मुख्य शिखर ३५.५ ला. आणि इथेच पुष्कळ जण फसतात. प्लॅटिनमचं दणदणीत शिखर ३९.८ ला असतं. यंत्रात निकेलची गाळणी किंवा मोनोक्रोमेटर नीट नसेल तर तांब्याच्या के-बीटा क्ष-किरणांमुळे त्याच प्लॅटिनमची सावली ३५.८ ला पडते. ४५ नॅनोमीटरच्या फेराइटचं खरं शिखर इतकं क्षीण असतं की सावलीलाच फेराइट समजून पेढे वाटले जातात. फिल्म नसलेला, नुसता प्लॅटिनमचा तुकडा त्याच यंत्रात लावून बघा. शिखर तिथेही दिसलं तर ते तुमचं नाही.

चुंबकत्व मोजतानाही तसंच. एक चौरस सेंमीच्या तुकड्यावर ४५ नॅनोमीटर फेराइट असेल तर त्याचं संपृक्त चुंबकत्व जास्तीत जास्त एका ईएमयूच्या (चुंबकत्व मोजण्याचं एकक) हजाराव्या भागाच्या दुपटीइतकं. लोखंडाचा १० मायक्रोग्रॅमचा कण तेवढाच संदेश देतो. तुकडा कापताना, चिमट्याने उचलताना असा कण चिकटणं अगदी सोपं आहे. प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा चिमटा वापरा आणि कडा पुसून घ्या.

विद्युत मोजमापासाठी वर जाळीच्या मुखवट्यातून २०० मायक्रॉन व्यासाचे सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे ठिपके द्या. चांदीची पेस्ट लावू नका, ती सुईइतक्या छिद्रांतून खाली झिरपते आणि शॉर्ट होतं. बिस्मथ फेराइटचं ध्रुवीकरण उलटवायला सेंमीला ३०० किलोव्होल्टच्या घरात क्षेत्र लागतं, म्हणजे आपल्या फिल्मला साडेसात व्होल्ट, आणि कोबाल्ट फेराइट त्यातला आपला वाटा मधल्यामध्ये घेतं ते वेगळं. व्होल्टेज वरखाली करत ध्रुवीकरणाचा आलेख काढला की वलय मिळतं; ते गोलसर, फुगीर, टोकाला वळलेलं असेल तर ते ध्रुवीकरण नाही, गळती आहे. जेम्स स्कॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये केळ्याच्या सालीला इलेक्ट्रोड लावून असंच वलय काढून दाखवलं होतं आणि साल फेरोइलेक्ट्रिक नसते. खरं वलय टोकाशी चपटं होतं. गळती जास्त असेल तर लोखंडाच्या जागी दोन-चार टक्के मँगनीज घालून बघतात. तेही तराजूवरच ठरतं.

राहिली ती जोड. सर्वांत जास्त खोटे निकाल इथे निघतात. समजा फिल्मचा मॅग्नेटोइलेक्ट्रिक गुणांक सेंमी-ओर्स्टेडला १० मिलिव्होल्ट आहे (ओर्स्टेड हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). १ ओर्स्टेडच्या बदलत्या क्षेत्राला २५० नॅनोमीटर जाडीवर व्होल्टेज उमटतं पाव मायक्रोव्होल्ट. आता तुमच्या दोन तारांनी मिळून एक चौरस सेंमीचा फासा (बंद वळसा) केला असेल तर त्याच क्षेत्राने, १ किलोहर्ट्झला, त्या फाशात फॅरेडेच्या नियमाने ६३ मायक्रोव्होल्ट उपजतात. खऱ्या संदेशाच्या अडीचशे पट, आणि लॉक-इन ॲम्प्लिफायर, म्हणजे ठरावीक वारंवारतेचा क्षीण संदेश वेचून मोजणारं यंत्र, तो आकडा अगदी शांतपणे, स्थिर दाखवतो.

तारा पीळ घालून जोडा, फाशाचं क्षेत्रफळ एक चौरस मिमीच्या खाली आणा. तरीही अर्धा मायक्रोव्होल्ट उरेल, म्हणून पुढचं तपासा. फाशातलं व्होल्टेज वारंवारतेच्या पटीत वाढतं आणि क्षेत्राच्या तुलनेत ९० अंश मागेपुढे असतं. अनुनादापासून दूर असताना खरी जोड बहुतेक क्षेत्राच्याच तालात चालते. फाशाला स्थिर चुंबकीय क्षेत्राशी देणंघेणं नसतं. खऱ्या जोडीला असतं, कारण कोबाल्ट फेराइटचा आकार ज्या क्षेत्रात सर्वांत झपाट्याने बदलतो तिथे ती सर्वांत मोठी आणि क्षेत्राची दिशा उलटली की तिचं चिन्हही उलटतं. स्थिर क्षेत्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत नेलं आणि आलेख सपाट रेषेत राहिला, तर मोजली ती तार, फिल्म नव्हे. तो आलेख वहीत ‘पार्श्वभूमी’ म्हणून चिकटवा आणि फासा आणखी लहान करा.